चटका आणि झळ

माझा धाकटा भाऊ मुरुडकडच्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्ही भाड्याने देतो. वाळूत धावणारी चार जाड चाकांची ती गाडी तुम्ही काशिदला किंवा नागावला पाहिली असेल. त्याच्याकडे अशा दोन गाड्या आहेत, दोन्ही जुन्या घेतलेल्या. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इंजिनाशी माझा संबंध स्कूटीत पेट्रोल भरण्यापुरता. तरी आज गाडीबद्दल लिहिते आहे, कारण तिच्या एका वितळलेल्या प्लास्टिकमुळे मला माझी चूक दिसली.

नाताळच्या गर्दीत एका संध्याकाळी भाऊ घरी आला तो तणतणतच. लाल गाडीचं उजवं मागचं पॅनेल सायलेन्सरच्या अगदी वर मऊ पडून खचलं होतं. मध्ये बशीएवढा भाग पातळ झाला होता आणि कडेला फोड आले होते. नवं पॅनेल तीन हजारांचं. दोष त्याने लगेच ठरवून टाकला. "पोरगा गाडी पिदडतो, आपा. तापवून तापवून वितळवलं."

पोरगा म्हणजे गाडीवर कामाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. माझा जुना विद्यार्थी. रोज पाचशे रुपये मिळायचे त्याला. भावाने सहा दिवसांची मजुरी कापायचं ठरवलं. अम्मी म्हणाली, "गरिबाचं पोर आहे, जरा बघ." तेव्हा मी काय म्हणावं? मी म्हणाले, "वर्गातसुद्धा तो एका जागी बसायचा नाही."

बस, एवढंच बोलले. पण शिक्षिकेचं बोलणं घरात साक्षीसारखं धरलं जातं. विषय तिथे संपला.

चार दिवसांनी तो मुलगा बाजारात भेटला. सलाम करून बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, मी गाडी पळवली नाही. तुम्ही एकदा बघा तरी." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ते जास्त लागलं. मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे की आधी वाचा, मग उत्तर लिहा. मी मात्र न वाचताच उत्तर लिहून मोकळी झाले होते.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेले. भाऊ हसला. "तुला त्यातलं काय कळतं?" बरोबर होतं त्याचं. पण बघता तर येतं. मी वाळूत गुडघे टेकून खाली पाहिलं. सायलेन्सर आणि पॅनेल यांच्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर. पाइपावर दोन छोटे कान जोडलेले, दोन्हींत बोल्टची भोकं रिकामी. भोकांभोवती गंजाची गोल कडी. दुसऱ्या गाडीपाशी गेले. तिथे त्याच जागी सायलेन्सरवर पत्र्याचा गार्ड होता, आणि त्याच्या वरचं पॅनेल शाबूत होतं.

"या गाडीचा गार्ड कुठे आहे?"

भाऊ जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खडखड करत होता. गणपतीच्या आधी काढून ठेवला."

खाऱ्या हवेने बोल्ट खाल्ले, गार्ड सैल झाला, आवाज करू लागला. पर्यटक विचारायचे, गाडी मोडकी आहे का? म्हणून काढला. झोपडीत जुन्या जाळ्यांखाली तो पडलेला सापडला.

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: वहन, अभिसरण, प्रारण. पुस्तकी शब्द ऐकले की माझ्या डोळ्यांवर झापड येते. पण घरी येताना लक्षात आलं, आपल्या मराठीत हे आधीपासून आहे. तव्याला बोट लागलं तर चटका बसतो, ते वहन. चुलीसमोर बसलं की न शिवताही झळ लागते, ते प्रारण. आणि भातावरचं झाकण काढताच गरम हवा वर तोंडावर येते, ते अभिसरण. आमच्या गाडीचं पॅनेल पाइपाला टेकलंच नव्हतं. त्याला चटका बसला नव्हता. झळ लागली होती, आणि खालून चढणारी गरम हवा. दोन बोटांचं अंतर आहे म्हणून भाऊ निर्धास्त राहिला होता.

अशा गाड्यांची पॅनेलं बहुधा पॉलिप्रोपिलीन किंवा त्याच जातीच्या प्लास्टिकची असतात. आमच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला 'पीपी' अशी खूणच होती. पॉलिप्रोपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं, मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. इंजिनाजवळचा पाइप याच्या कितीतरी वर जातो.

आता वेगाचं. गाडी धावत असते तेव्हा निदान वारा लागतो आणि गरम हवा मागे निघून जाते. किनाऱ्यावर उलट असतं. मऊ वाळूत दोन माणसं बसवून खालच्या गिअरमध्ये हळूहळू ओढायचं, म्हणजे इंजिनाला ताण आणि वारा नाही. मग पर्यटक फोटो काढतात, तेव्हा इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. सगळी उष्णता वरच्या पॅनेलखाली कोंडते. इंजिन चालू ठेवायला भावानेच सांगितलं होतं, पुन्हा किक मारण्यात वेळ जातो म्हणून. मुलगा सांगितलं तेच करत होता.

गाडी दुरुस्त झाली ती अशी. गार्ड घासून परत बसवला. नवे बोल्ट स्टीलचे घेतले, न गंजणारे. खडखड थांबावी म्हणून स्प्रिंग वॉशर टाकले आणि गार्ड पाइपाला चिकटू नये म्हणून मध्ये लोखंडी बुश. रबरी वॉशर तिथे जळून जातात. गार्ड आणि पाइप यांच्यातली मोकळी हवा हीच खरी राखण. पॅनेलला आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली, तिचा चकचकीत भाग झळ परतवतो. भावाला पाइपाभोवती काचतंतूंची पट्टी गुंडाळायची होती. मेकॅनिकने नको म्हटलं. समुद्रकाठी ती खारट ओल धरून ठेवते आणि आतला पाइप गंजतो. त्याने आणखी एक गोष्ट केली. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून पाइपाच्या सांध्याजवळ हात धरला. तिथून हवा फुसफुसत असेल, काजळी दिसत असेल, तर गळती आधी काढायची. आमच्याकडे तसं नव्हतं.

खचलेला भाग गरम हवेने मऊ करून लाकडी ठोकळ्याने दाबून धरला. आकार बराच आला, जाडी परत आली नाही. या प्लास्टिकला फेव्हिक्विक धरत नाही, म्हणून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी आतून सोल्डरिंगच्या इस्त्रीने वितळवून जोडली. डाग दिसतो, काम चालतं. नवं पॅनेल घ्यावं लागलं नाही. खरं तर प्लास्टिकची काळजी दुय्यम आहे. तो गार्ड नसताना मागे बसलेल्या कुणाची पोटरी पाइपाला लागली असती तर?

पैशांचा विषय मीच काढला. आमचे अब्बा होडीवर होते. मासळी विकली की आधी खलाशांचा वाटा मोजायचे, मग घरचा. भावाला ते आठवून द्यावं लागलं नाही, नुसतं अब्बांचं नाव घेतलं. कापलेली मजुरी त्याने पाकिटात घालून माझ्याकडे दिली. "तूच दे," म्हणाला. मी म्हटलं, आपण दोघं जाऊ, कारण माफी दोघांची आहे.

मुलाने पैसे घेतले. भाऊ म्हणाला, उद्यापासून ये. मुलगा नम्रपणे म्हणाला, "नाही चाचा, दुसऱ्या गाडीवर लागलो आता." मग माझ्याकडे वळला. "टीचर, तुम्ही वाकून बघितलंत ना, तेवढं पुरे."

मला ते पुरेसं वाटलं नाही. मी बघितलं खरं, पण बोलून झाल्यावर. लाल गाडीवर आता भाऊ स्वतः बसतो. फोटोसाठी कुणी थांबलं की इंजिन बंद करतो.