चुन्याचा ताळा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी चकलीच्या आधी चुन्याचा वास सुटायचा. हल्ली डब्यातला तयार रंग भिंतीला लागतो आणि त्या वासाला आपण मुकलो. माझ्या लहानपणी, १९६० च्या सुमारास, अण्णा स्वतः बाजारातून कळीचा चुना आणीत, परसातल्या पिंपात टाकीत आणि वर पाणी ओतीत. क्षणभर काहीच होत नसे. मग कळ्या तडकू लागत, वाफेचे लोट उठत आणि पाणी रटरटू लागे. खाली ना चूल, ना विस्तव! चुना डोळ्यांत उडेल म्हणून आम्हां पोरांना जवळ जायची बंदी होती. आम्ही दूर ओट्यावरून ती जादू पाहत असू.

एकदा मी विचारले, "अण्णा, विस्तव नाही, मग हे उकळतं कसं?"

अण्णा एका पेढीवर कीर्द-खतावणी लिहीत. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक गोष्टीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असत. ते म्हणाले, "भट्टीवाल्याने दगड भाजताना जाळ घातला होता ना, तोच चुना परत करतोय."

पुढे मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतले. पहिल्याच दिवाळीला घरी आलो, तर अण्णा चुना विरवीत होते. नव्या विद्येची नशा मोठी वाईट! शेजाऱ्यांदेखत मी सांगून टाकले, "अण्णा, चुन्यात जाळबीळ काही नसतो. ही उष्मादायी अभिक्रिया आहे. तुमचं ते भट्टीचं म्हणजे निव्वळ भाबडेपणा."

अण्णांनी काठीने चुना ढवळला आणि एवढेच म्हणाले, "बरं."

यथावकाश मी मास्तर झालो. १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेसने मांडलेला नियम मी दर वर्षी शिकवी: अभिक्रिया कोणत्याही वाटेने जावो, उष्णतेची गोळाबेरीज तीच. एके वर्षी उदाहरणाला चुनाच घेतला. शंभर ग्रॅम चुनखडी फोडून चुनकळी करायची, तर १७८ किलोज्यूल लागतात. म्हणूनच भट्टी सुमारे ९०० अंशांवर धगधगत ठेवावी लागते. निघालेली छप्पन्न ग्रॅम कळी पाण्यात विरताना ६५ परत करते. मग बाकीचे? भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडी होतो. त्या वाटेवर ११३ सुटतात. फळ्यावर मी बेरीज मांडली. पासष्ट आणि एकशे तेरा, एकशे अठ्ठ्याहत्तर. पैचा फरक नाही!

जाळ म्हणून जाळ चुन्यात बसून राहत नाही, हे खरेच. दगडातून वायू तोडून काढायला जे खर्ची पडले, तेवढेच परत येते. भट्टीच्या धुराबरोबर गेले ते गेलेच. पण खात्यापुरते अण्णांचे बोलणे बरोबर होते. ताळा जुळला तेव्हा तो दाखवायला अण्णा नव्हते. त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती.

त्या दिवसापासून मला पासष्टांपेक्षा ते एकशे तेराच अधिक आठवतात. मोठा वाटा त्यांचाच. पण ते महिनोन् महिने, वाफेवाचून, आवाजावाचून परत येतात. अण्णांनी माझ्या पाठीवरून कधी हात फिरवला नाही. मात्र त्यांचा एकच कोट अकरा वर्षे चालला आणि माझी फी एकदाही चुकली नाही. मी त्यांना थंड माणूस समजत होतो.

आमच्या जुन्या घराची परसाकडची एक भिंत अजून चुन्याची आहे. दिवाळीत मी तिच्यावर तळहात टेकवून पाहतो. गारच लागते. पण हिशेब ठाऊक झाल्यापासून हात लवकर काढवत नाही.