आईची सुरी आणि पावणेसतरा मिलिमीटर

गुडघे बदलल्यापासून आईला खाली बसायची मनाई आहे. म्हणजे विळी बंद. जिने पन्नास वर्षं विळीवर कोबी केसासारखा बारीक चिरला, तिला ओट्याशी उभं करून हातात सुरी द्यायची! त्यात बोटांच्या सांध्यांचं दुखणं. बाजारातून तीन-चार सुऱ्या आणून झाल्या. एक तर पातळ पत्र्याच्या, भोपळ्यात शिरल्या की लचकणाऱ्या, नाहीतर नुसत्याच जाडजूड. आईने तक्रार केली नाही. फक्त लाल भोपळा, सुरण, कोबी हळूहळू घरात येईनासे झाले. मग एक दिवस म्हणाली, "भाजी तूच चिरत जा रे. मी आपली फोडणीपुरती." ते मला लागलं.

सुरी चालत नाही तेव्हा आपण धारेला नावं ठेवतो. पण भोपळ्यात सुरी अडकते तेव्हा धार कधीच आत गेलेली असते. अडकतं ते धारेमागचं जाड पोलाद, लाकडात पाचर अडकावी तसं. पातं पाठीकडून धारेकडे किती हळूहळू निमुळतं होतंय, सगळा खेळ त्या उताराचा. दगडावर शेवटी लावतो ती धार हा वेगळा विषय, ती कुठल्याही सुरीला लावता येते.

म्हणून पातंच करून घ्यायचं ठरवलं. गावाबाहेर रस्त्याकडेला पाल ठोकून एक घिसाडी कुटुंब बसतं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून कोयते, खुरपी, विळ्या घडवतात. बाई घण मारते, तो सांडशीत पातं धरून फिरवतो. मी सांगितलं, ३ मि.मी. जाडीची सपाट पट्टी हवी, आणि पाणी देऊ नका, मऊच ठेवा. "धार नको?" त्याने दोनदा विचारलं. शेवटी पट्टी तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवली, म्हणजे सावकाश गार होऊन कानस चावेल इतपत मऊ राहते.

आता उतार. पट्टी ३ मि.मी. पाणी देताना फार पातळ कड वाकडी होते किंवा तडकते, म्हणून अर्धा मि.मी. शिल्लक ठेवायची. म्हणजे प्रत्येक बाजूने सव्वा मि.मी. काढायचं, ३० मि.मी. रुंदीत. गणित केलं तर कोन येतो अडीच अंशांहूनही कमी! पुन्हा पुन्हा त्याच अडीच अंशांवर कानस धरणं नुसत्या हाताला जमत नाही. कानस पुढे ढकलताना हात नकळत झोका घेतो आणि सपाट व्हायचं ते पोट आल्यासारखं गोल होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त फिटर. त्यांचं म्हणणं, सपाट कानस मारायला शिकण्यात वर्ष जातं, आणि जिग म्हणजे लबाडी. आईकडे वर्ष होतं, पण मला घालवायचं नव्हतं. ग्राइंडरचा विचारही केला नाही. फ्लॅटच्या गॅलरीत ठिणग्या आणि आवाज कोण सहन करणार?

बोहरी आळीतून सामान आणलं: १० मि.मी.चा लांब आय बोल्ट, दोन नट, ८ मि.मी.ची सरळ सळई, दोन क्लॅम्प. फळी घरातलीच. फळीच्या अलीकडच्या टोकाला आडवा ठोकळा, त्यावर पातं सपाट आवळायचं, कड माझ्याकडे. पलीकडच्या टोकाला आय बोल्ट उभा. सळई त्याच्या डोळ्यातून आरपार जाते आणि अलीकडे तिच्याखाली कानस घट्ट बसवलेली. बस्स, एवढंच. कानस डावी-उजवीकडे, पुढे-मागे हवी तशी फिरवा, पण कोन आय बोल्टचा डोळा ठरवणार.

कडेपासून डोळ्यापर्यंत मी ४०० मि.मी. ठेवले. सव्वाला ३० ने भागून ४०० ने गुणलं की येतात १६.७. म्हणजे डोळा तयार कडेच्या पातळीपेक्षा पावणेसतरा मि.मी. वर हवा. शिवाय सळईचा मध्य कानशीच्या तळापासून जितका वर, तितकी उंची आणखी मिळवायची. त्या बोल्टचे आटे दीड मि.मी.चे, म्हणून नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे अंशाचा जेमतेम पाचवा हिस्सा. डोळ्यात सळई एखादा मि.मी. खुळखुळली तरी इतक्या लांबीवर ती चूक नगण्य होते. फळी लांब घेण्याचं कारण हेच.

कामाला लागलो तेव्हा लक्षात आलं की ही युक्ती घरात आधीपासून होतीच. विळी म्हणजे दुसरं काय? पातं पाटात पक्कं, पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात भाजीला मोकळे. आईचा कोबी बारीक यायचा यात तिचा हात होताच, पण कोन सांभाळायचं काम पाट करत होता. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असेल." त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ :)

आधी कडेवर मार्करची शाई फासली. ३ मि.मी.चं ड्रिल बिट टेबलावर आडवं ठेवून त्याच्या टोकाने रेघ ओढली की पट्टीचा बरोबर मध्य मिळतो. तिच्या दोन्ही अंगांना पाव-पाव मि.मी.वर आणखी दोन रेघा. कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे आणताना उचलायची. दातांत खडू घासला की कीस अडकत नाही. एका बाजूला चार संध्याकाळी लागल्या. टोकाकडे कड वर वळते तिथे मात्र पातं फिरवून पुन्हा आवळावं लागतं, नाहीतर टोक जाड राहतं. दुसऱ्या बाजूला पातं उलटं ठेवल्यावर खाली आधार उरतो तो पाठीकडच्या अरुंद पट्टीचाच. म्हणून पहिल्या उताराखाली तेवढ्याच उताराची लाकडी पाचर सारली.

मग पुन्हा पालावर. पातं लाल तापवून तेलात बुडवलं. आता कानस चावेना, काचेवरून घसरावी तशी घसरली. घिसाडीदादाने उतारावरून अंगठा फिरवला, डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला आणि बायकोला दाखवलं. बोलला काहीच नाही. घरी येऊन केकच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजलं, वाळल्या गवताच्या रंगावर येईपर्यंत. नाहीतर कड काचेसारखी फुटते. सागाची मूठ आईच्या बोटांना पुरेल अशी जाड केली. धार शेवटी, दगडावर.

आईने सुरी हातात घेतली आणि पहिलं वाक्य: "ही गंजणार." पोलादी विळी वापरलेल्या बाईला काय सांगायचं! वांगं काळं पडेल, लिंबानंतर लगेच पुसायची, रात्री तेलाचं बोट फिरवायचं, हे तिनेच मला सांगितलं. मग बाजारातून लाल भोपळा आणायला लावला, पाव नाही, अख्खा. मी बाहेर पेपर वाचायचं सोंग करत बसलो. भोपळ्याचा तो 'कर्र' आवाज आला नाही, थेट पाटावर सुरी टेकल्याचा आला. पुढचे आठ दिवस आमच्याकडे भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचे घारगे. मुलगा वैतागलाय. भाजी चिरायला मला आता ओट्यापाशी येऊ देत नाही.

मावशी, वाचत असशील तर तुझी पट्टी घडवून आणली आहे. तुला सुरी हलकी हवी म्हणालीस, म्हणून उतार २५ मि.मी.चाच ठेवतोय. म्हणजे नट सव्वादोन फेरे वर. मूठ किती जाड हवी तेवढं मात्र कळव, कागदावर हाताचा ठसा काढून पाठवलास तरी चालेल.