चेंबर वाचवायचं तर

भोर-वेल्ह्याकडच्या जुन्या जीपवाल्याला आपल्या गाडीची खालची बाजू पाठ असायची. पाट्यांचे यू-बोल्ट किती खाली येतात, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी कुठे संपते, डिफरन्शियलचा गोळा कुठल्या अंगाला आहे, हे तो डोळे मिटून सांगे. लष्करी लिलावातली विलीज असो की उंच बॉनेटची महिंद्रा सीजे-थ्रीबी, गोळा मधोमध नसायचाच, एका बाजूला असायचा. त्यामुळे बैलगाडीच्या चाकोरीत वर आलेला दगड कुठल्या बाजूने घ्यायचा हे ठरलेलं असे. काकांच्या जीपपुढे चालत जाऊन हाताने वाट दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. मी हात वर केला की गाडी जागच्या जागी थांबे. एवढा विश्वास त्या वयात दुसऱ्या कुणी माझ्यावर टाकला नव्हता.

खालच्या बाजूचं संरक्षण म्हणून दुकानात काही मिळत नसे. गरजही बेताचीच होती. थ्रीबीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे चासीच्या वर. पाटे अॅक्सलच्या खालून जात, म्हणून दगडाचा पहिला फटका खालच्या पानावर बसे आणि ते पान तो सोसूनही घेई. राहता राहिलं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर. ते फुटलं तर तेल रस्त्यावर आणि गाडी डोंगरात. ज्याला त्याची धास्ती असे तो मिस्त्रीकडे जाई. भंगारातला जाड पत्रा गॅस कटरने कापायचा, कडा घणाने वाकवायच्या आणि चासीला बोल्टने आवळायचा. तेल काढायच्या नटासमोर भोक ठेवणारा मिस्त्री लोक लक्षात ठेवत.

मग १९८५ मध्ये जिप्सी आली. पाटे तेच, अखंड अॅक्सलही तेच. गाडी हलकी होती, एवढाच फरक. खरी उलथापालथ अलीकडची आहे. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या थारला जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची आहे, पण पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. अखंड अॅक्सलच्या गाडीत गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो, म्हणून त्याच्याखालची जागा जवळपास तेवढीच राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गोळा चासीला जखडलेला असतो. खड्ड्यात गाडी दबली की तो जमिनीकडे येतो. उभ्या गाडीखाली मोजलेली उंची म्हणूनच अर्धीच खरी. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याचे सेन्सर आणि वायरी आल्या. काकांची जीप खालून ओरबाडली गेली तर फार तर रंग जाई. आता त्याच ओरखड्यात वायर तुटू शकते. आज जाड पत्रा मागणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही, त्याची मागणी रास्त आहे.

पण कुठला पत्रा? इथे मला आपल्या डोंगरांचं ऐकावंसं वाटतं. घाटमाथ्यावरचा काळा दगड कठीण आणि धारदार. त्यावर पोलाद सरकतं, अॅल्युमिनियम मऊ असल्याने खरवडतं आणि अडकतं. पोलाद वाकलं तरी गावातल्या लोहाराकडे ठोकून सरळ करता येतं. ओझं मात्र त्याचं मोठं: ४ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा सुमारे ३१ किलो भरतो, ६ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा १६ किलो. पुढच्या स्प्रिंगवर हा फरक जाणवतो. कोकणात उतरलं की गणित बदलतं. जांभा कानशीसारखा घासतो, खारी हवा पोलादाचा रंग उडालेला भाग शोधून काढते आणि लाल चिखल पत्र्याच्या आतल्या बाजूला थापला जाऊन ओल धरून ठेवतो. तिथे गाडी चालवणाऱ्यासाठी मी अॅल्युमिनियमच सुचवीन. घाटमाथ्यावर दगडांतून फिरणाऱ्याने पोलाद घ्यावं, आणि पावसाळा संपला की काढून घासून रंगवावं.

जाडीइतकंच बसवणंही महत्त्वाचं. पत्रा चासीलाच टेकला पाहिजे. चेंबर किंवा गिअरबॉक्सला आवळला तर दगडाचा दणका थेट तिथेच पोचतो. पुढचा पत्रा मागच्याच्या खाली यावा, म्हणजे सांधा दगडात अडकत नाही. बोल्टची डोकी खोलगट जागेत बुडालेली हवीत. पाणी निघायला भोकं हवीत, आणि एक्झॉस्टजवळ मोकळी जागा हवीच. दिवाळीनंतर माथ्यावरचं गवत वाळून कडकडीत होतं. पत्रा आणि गरम पाइप यांच्यामध्ये त्याची पेंढी अडकली तर आग लागू शकते. गवताळ वाटेवरून आल्यावर वाकून तो भाग मोकळा करायलाच हवा.

वाकून बघणं, हेच मला हल्ली कमी दिसतं. पत्रा तयार मिळतो, भोकं जुळतात, तासाभरात बसतो आणि काम सुबक असतं. जुन्या ठोकपिटीपेक्षा ते सरस आहे, यात मला शंका नाही. तरीही सगळं एकदम झाकून टाकण्याआधी जुन्या मिस्त्रींची एक रीत पाळावी असं मी नव्या पोरांना सांगतो. ते नवी जीप आधी तशीच पाठवत, मात्र सोप्या वाटेला आणि पुढे माणूस चालवून. परत आली की खड्ड्यावर उभी करून खाली दिवा धरत आणि ताजे ओरखडे खडूने खुणावत. एकाची गाडी मागच्या बाजूला घासलेली निघे, एकाची गिअरबॉक्सखाली, एखाद्याची कुठेच नाही. मिस्त्री पत्रा कापायला घेई तो त्या खुणांवरून.