पाव इंच माया

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली की आपण अचूक आहोत असं माणसाला वाटायला लागतं. मला तर ते लग्नाआधीपासूनच वाटत होतं. संध्याकाळी कॅश जुळली नाही की आमच्या सिन्नरच्या शाखेत अजूनही सगळे माझ्या टेबलाकडे बघतात. मी फक्त एवढंच पाहतो, की फरकाला नऊने भाग जातो का. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, असा माझा पहिला संशय. आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो. नोकरीला लागलो तेव्हाच्या हेडकॅशियरनी शिकवलेली ही एक युक्ती सोडली, तर माझ्या बी. कॉम.चा देशाला फारसा उपयोग झालेला नाही.

अशा माणसाच्या घरात गोधडी शिवायला घ्यावी आणि त्याने पेपर वाचत गप्प बसावं, हे शक्य नव्हतं.

झालं असं, की मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात खाट-गादी मिळते, पांघरूण आपलं न्यायचं. मी ब्लँकेटच्या किमती काढून आणल्या. आई म्हणाली, "पोर पहिल्यांदा घराबाहेर निजणार, आणि अंगावर दुकानातलं पांघरूण?" विषय संपला. आईने ट्रंक उघडली आणि तळातून अण्णांचे दोन सदरे काढले. निळ्या रेघांचे. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या दोन सदऱ्यांना कुणी हात लावला नव्हता.

निळ्याच्या जोडीला फिकं कापड हवं होतं. त्याची चिंता नव्हती, कारण आमच्या कपाटात ओटीतून आलेल्या ब्लाउजपिसांचा साठा आहे. हे कापड शिवायचं नसतं, पुढे द्यायचं असतं, ही गोष्ट मला लग्नानंतर कळली. त्रिकोणी घडी घालायची, वर नारळ ठेवायचा आणि पुढच्या घरी रवाना करायचं. आमच्याकडून गेलेला एक अबोली पीस साडेतीन वर्षांनी, घडीसुद्धा न मोडता, आमच्याकडेच परत आला. इतके हात फिरून आलेला चेक मी बँकेतही पाहिलेला नाही.

इथपर्यंत सगळं आईच्या हातात होतं आणि सुरळीत चाललं होतं. पण नेमकी त्याच महिन्यात माझी मेहुणी न्यू जर्सीहून आली. तिथे ती हौसेने गोधड्या शिवते. ती म्हणाली, "भाऊजी, आपण भिरभिऱ्यांची करू या. हाफ स्क्वेअर ट्रँगल!" म्हणजे काय, तर निळा आणि अबोली असे दोन चौकोन एकावर एक उलटे ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिवण घालायची आणि रेघेवर कापायचं. उघडलं की अर्धा निळा, अर्धा अबोली असे दोन चौकोन तयार. असे चार जुळवले की भिरभिरं.

आपल्या गोधडीत असलं काही लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थर घालायचे, वर तुकडे मांडायचे, कडा आत दुमडून धावदोरा घालायचा. तुकडा वाकडा आला तर पुढचा त्याच्यावर चढतो आणि घरातली गोष्ट घरात राहते. अमेरिकन पद्धतीत तुकडा तुकड्याला जोडायचा; पहिल्याची चूक दुसऱ्याच्या नावे, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, आणि रांगेच्या शेवटी सगळी थकबाकी एकदम वसूल.

मेहुणी पुढे म्हणाली, "तयार चौकोन चार इंची हवा, तर कापताना चार पूर्णांक सात अष्टमांश कापायचा." आईने विचारलं, म्हणजे किती? मी म्हणालो, "पावणेपाच आणि वर अदपाव." आई म्हणाली, "पाचच धर ना मग."

आता सात अष्टमांशच का, हा प्रश्न घरात फक्त मलाच पडला. रात्री कागद घेऊन बसलो. दोनाचं वर्गमूळ काढलं, त्यात दोन मिळवले, पावाने गुणलं. उत्तर आलं ०.८५३६. सात अष्टमांश म्हणजे ०.८७५. म्हणजे अमेरिकेने दर चौकोनामागे ०.०२१४ इंच वरचेवर घेतला होता! सोळा चौकोनांच्या रांगेत हा घोटाळा तिसरा हिस्सा इंचावर जातो. अमेरिकेच्या हिशेबात सिन्नरच्या कारकुनाला फरक सापडावा, या आनंदात मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी जाहीर केलं, की कापायचं काम माझं. आईने विचारलं, "माया किती सोडणार?"

शिवणीसाठी जादा ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. लहानपणी आमचा शिंपी माझ्या चड्डीला इतकी माया ठेवायचा, की पहिलीतली चड्डी उसवत उसवत चौथीपर्यंत जायची. बँकेत 'त्याने बरीच माया जमवली' असं म्हटलं की चौकशी लागते.

"पाव इंच," मी म्हणालो. "हिशेबात धरलीय."

"ती शिवणीची झाली. चुकीची कुठाय?"

"चूक होणारच नाही," असं मी उत्तर दिलं. हे वाक्य आता घरात म्हण म्हणून वापरतात.

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी होती. निळे शहाण्णव आणि फिके शहाण्णव चौकोन कापायचे होते. माझी मोजमापं पाहून ही म्हणाली, "गोंदेश्वराच्या देवळालाही एवढी पट्टी लागली नसेल." मी म्हणालो, "म्हणूनच चुना न लावता दगड दगडात बसलाय, आणि आठ-नऊशे वर्षं झाली तरी उभा आहे." पहिला चौकोन मी पट्टी लावून, श्वास रोखून कापला. मग त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे कापत सुटलो. संध्याकाळपर्यंत अण्णांचे दोन्ही सदरे संपले. उरल्या कॉलरी, बाह्यांच्या पट्ट्या आणि गुंड्या. हिने रविवारभर मशीनवर शिवणी घातल्या, मी त्या मधोमध कापल्या, आणि इस्त्री घेऊन जोरात, मागे-पुढे, घासून घासून सपाट केल्या.

मग जोडायला घेतल्या. एकशे ब्याण्णव चौकोनांत एकासारखा दुसरा नव्हता. काही साडेचार इंच भरले, काही चारच्या जेमतेम वर. आणि पुष्कळसे तर चौकोनच राहिले नव्हते, शंकरपाळे झाले होते.

शेजारच्या मावशी बिड्या वळतात. टेंभुर्णीच्या पानांचं सूप मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसल्या होत्या, तिथूनच त्यांनी माझा पसारा पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "भाऊ, तुकड्यावरनं तुकडा कापला का?" मी हो म्हणालो. त्यांनी सुपातला पत्र्याचा तुकडा उचलून दाखवला. भिजवलेल्या पानावर हा पत्रा ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची. हजार बिड्यांना हजार पानं, पण पत्रा एकच. "पानावरनं पान कापीत गेले, तर हजाराव्या बिडीला कुणी बिडी म्हणंल का?"

त्यांची मजुरी हजारावर ठरते आणि माल नीट नसला तर बिडी बाजूला काढतात. माझ्या चुकीला मात्र आजवर बढती मिळत आलेली होती.

बाकीच्या चुका मेहुणीने मोजून दिल्या. आमच्या मशीनचा पाय पाव इंचाहून रुंद आहे, आणि ही नेहमीच्या सवयीने पायाच्या कडेने शिवत गेली होती. शिवाय तिरकं कापलेलं कापड ताणतं. शिंपी त्याला उरेब म्हणतात. त्यावर इस्त्री फिरवायची नसते, नुसती ठेवायची आणि उचलायची. मी तर अण्णांच्या सदऱ्याला चपातीसारखं लाटलं होतं.

आणि सदरे दोनच होते. फिकं कापड कपाटात चिक्कार होतं, हवं तर आणखी ओट्या भरून घेता आल्या असत्या. निळ्या रेघा आणणार कुठून? मी फरकाला नऊने भागून पाहिलं. भाग जात नव्हता. त्या रात्री मी जेवलो नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

रात्री आई माझ्या शेजारी येऊन बसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं लख्ख दिसतं, जवळचं नाही. तिने एकेक चौकोन बोटांनी चाचपला. "यातलं सगळ्यांत लहान कोणतं?" मी शोधून दिलं. चार इंचांहून दोरा दोन दोरे जास्त. "मग सगळी एवढीच कर."

मावशींनी जुन्या डब्याचा चार इंची पत्रा कापून दिला. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे तिरक्या शिवणीवर टेकवायचे आणि चारी बाजूंनी बाहेर येईल ते कातरायचं. आठवडाभर बँकेतून आलो की हेच. आधी मोठं ठेवा, शिवा, आणि मापात शेवटी आणा, ही मेहुणीच्याही देशातली सगळ्यांत भरवशाची रीत आहे म्हणे; ती त्यासाठी मुळात चौकोन पाच इंचीच कापतात. "पाचच धर ना," असं आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, हे मी कुणाला आठवू दिलं नाही.

कातरून शिवल्यावर चौकोन साडेतीन इंची झाला. बारा गुणिले सोळा. अठ्ठेचाळीस बाय चौसष्टची गोधडी आता बेचाळीस बाय छप्पन्न. पोरगी उंच आहे, आजोबांवर गेलीय. पाय बाहेर येणार हे उघड होतं. आईने काही न बोलता आपलं हिरवं इरकली लुगडं आणलं आणि भोवतीने त्याची पट्टी लावली. चार कोपऱ्यांवर त्याच लुगड्याचे त्रिकोण दुमडून शिवले. आमचे एक सहकारी बदलीवर हल्याळला राहून आलेत. त्यांनी सांगितलं, की तिकडच्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीला कोपऱ्यांवर असेच त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर ती कवंदी उघडीच समजतात. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं."

वरचा सगळा धावदोरा तिने हाताने घातला. सुईत दोरा ओवणं माझ्याकडे होतं. रोज बँकेत जाण्यापूर्वी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो. संध्याकाळी दहाही रिकाम्या असायच्या. या खात्यात कधी फरक आला नाही.

जाण्याच्या आदल्या रात्री मी भिरभिरी मोजली. अठ्ठेचाळीस. चौकोन एकशे ब्याण्णव. मागितली नसताना "टॅली" अशी घोषणा केली.

पुण्याला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. जेवण, पाणी, खोलीतल्या मुली, असं सगळं आईशी आणि आजीशी बोलून झाल्यावर माझ्याकडे फोन आला.

"पाय बाहेर येतात का?"

"नाही. बाबा, तिसऱ्या रांगेतलं एक भिरभिरं उलटं फिरतंय."

मी गप्प. मोजताना संख्या बरोबर भरली होती. आकडे उलटे पडलेत हे एका नजरेत ओळखणारा मी.

"दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये," मी म्हणालो. "उसवून सरळ करू."

"नाही आणणार," ती म्हणाली. "झोपू का आता?"