मखरांचा सीझन

२८ जुलै, सोमवार
मखरवाले यायला लागले. वर्कशॉपच्या लेसर कटरच्या वहीत गणपतीपर्यंतचे संध्याकाळचे सगळे स्लॉट भरलेत. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून श्रावणात आमच्याकडे एमडीएफचा धूर.

३० जुलै, बुधवार
पाऊस. भवानी पेठेतून आणलेली तीन एमएमची शीटं दमट हवेनं वाकली. मध्ये फोकस बरोबर, कडेला कट आरपार जात नाही. मग पोरं पॉवर वाढवतात. कडा नुसत्या करपतात. बेडची जाळी लोखंडी आहे म्हणून बरं. शीट दाबून धरायला लोहचुंबकांचा डबा आणून ठेवला.

३१ जुलै, गुरुवार
चपलांचं काम करणारे काका आले. "लेदर आहे ताई, एवढी नक्षी कोरून द्या." उलटं करून पाहिलं. मागे विणलेलं कापड. बोलले काही नाही. कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापून घेतला. खिडकीशी गॅसचा बर्नर लावला, तांब्याची तार पकडीत धरून लाल केली, तुकड्यावर टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. क्लोरीन. म्हणजे रेक्झिन, पीव्हीसी. लेसरखाली हायड्रोजन क्लोराइड सुटणार, ओलावा मिळाला की त्याचं आम्ल. माणसाच्या छातीत जाणार आणि मशीनच्या रेल्सवरही बसणार.
काका म्हणाले, "दुकानदार तर ओरिजिनल म्हणाला." पैसे खरं चामडं म्हणूनच मोजले होते त्यांनी. खरं आणलंत तर त्याच दिवशी करून देते, म्हटलं.
तार काउंटरवर टांगून ठेवली.

२ ऑगस्ट, शनिवार
एक्झॉस्ट नीट ओढत नाही. कट संपला तरी झाकणाखाली धूर रेंगाळतो. पाइप सोडवला. आत काळा, चिकट थर. एमडीएफमधल्या फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाचा धूर रोज इथून जातो. दुपार साफसफाईत गेली. झाकणावर चिठ्ठी: काम संपल्यावर मिनिटभर थांबून मग उघडा.

५ ऑगस्ट, मंगळवार
गणपती मंडळाची पोरं. एकानं मशीनच्या लाल ठिपक्याखाली हात धरला. "काहीच होत नाही की." त्याला सांगितलं, हा फक्त नेम धरायचा दिवा. कापणारा किरण वेगळा. १०.६ मायक्रॉनचा, इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसत नाही. झाकणाचं ॲक्रिलिक तो अडवतं, म्हणून आपण शेजारी उभं राहू शकतो. झाकण उचललं की स्विच बीम तोडतो.
मग कुमार पटेलांचं सांगितलं. कार्बन डायऑक्साइडचा लेसर त्यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार केला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात.
"मग मशीन आपलंच म्हणा की ताई!"
हात मात्र काढला.

८ ऑगस्ट, शुक्रवार
वीज गेली, आली. चिलर चालू करायचं कुणाच्या ध्यानात नाही. अलार्म ओरडला. पाणी फिरल्याशिवाय ट्यूब पेटत नाही. देवाची कृपा नाही, वायरिंगची.

९ ऑगस्ट, शनिवार
राखीपौर्णिमा. बंद. तरी "जरा उघडता का" म्हणून फोन.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी मशीन पुसताना झाकणाच्या स्विचपाशी काहीतरी बोटाला लागलं. लोहचुंबक. वरून सेलोटेप. झाकण उघडं असलं तरी स्विचला बंदच वाटणार. डब्यातलाच.
कट चालू असताना मधेच तुकडे उचलायला कुणीतरी केलेलं. तेवढाच वेळ वाचतो.
रात्री झोप लागेना. कुठल्या दिवसापासून असेल? समोर कोण कोण उभं होतं?

१३ ऑगस्ट, बुधवार
सगळ्यांना विचारलं. कुणी नाही. सगळे स्विचकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही.
डबा आता काउंटरवर. मागून न्यायचे, मोजून परत द्यायचे.

१८ ऑगस्ट, सोमवार
संध्याकाळी साडेसात. पुठ्ठ्याच्या कमानींचं काम. मंडळाच्या दोघांनी लावून दिलं आणि चहाला खाली गेले. मी आतल्या खोलीत बिलं करत होते. आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीची हाक, "ताई, आग!"
बाहेर येईपर्यंत तिनं लाल बटण दाबलं होतं. बीम बंद, ज्योत चालूच. वीतभर, पिवळी. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधल्या पन्हळींत हवा असते, तिथून ती सरकत होती. ओलं फडकं बादलीतच असतं. टाकलं, दाबलं. विझली. आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढावी लागली नाही.
हेडपाशी पाहिलं तर हवेची नळी नोझलवरून निसटलेली. ज्योत फुंकून टाकणारी हवा बाजूलाच जात होती.
झाकणावर आतून तपकिरी डाग.
दोघं हातात कटिंगचे ग्लास घेऊन दारात उभे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
लेन्स काढली. झिंक सेलेनाइडची. तडा असता तर नुसत्या हातानं शिवायचीही नाही. तडा नाही. अल्कोहोलनं पुसली, बसवली. नळीला नवी क्लिप.
पोरं आली. "दोनच मिनिटं गेलो होतो." खरंही असेल. एकानं विचारलं, "पण सेन्सर आहेत ना मशीनला?"
आहेत. एक झाकण बघतो, एक पाणी. आग बघणारा एकही नाही.
हे बोलताना माझा आवाज चढला. पोरं गप्प. त्यांच्यातला थोरला मुलगा जाताना थांबला, हळू म्हणाला, "तो मॅग्नेट माझा होता." त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला.

२० ऑगस्ट, बुधवार
वहीत नवा रकाना आखला: मशीनपाशी कोण. नाव नसेल तर चावी नाही. नऊनंतरचे स्लॉट बंद. पुठ्ठ्याचं काम फक्त सकाळी, गर्दी नसताना.
मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. "अहो ताई, गणपती आठवड्यावर आलेत." म्हटलं, माहीत आहे. म्हणूनच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
रकाना भरतोय. थोरल्या मुलाचं नाव सगळ्यात जास्त वेळा. दुसऱ्यांच्या कामालाही बसतो. काल त्यानंच एकाला झाकणावरून हटकलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
कचऱ्याच्या डब्यातून धूर. एमडीएफचे गरम तुकडे कागदांवर टाकलेले. पाणी ओतलं. पत्र्याचा वेगळा डबा आणला, झाकणाचा.

२५ ऑगस्ट, सोमवार
शेवटचं मखर गेलं. चपलावाले काकाही येऊन गेले, या वेळी खरं चामडं. वास जाता जात नाही, पण नक्षी छान उठली.
दारावरची पाटी नव्यानं लिहिली. मोठ्या अक्षरांत, एवढंच:
मशीन चालू असताना खुर्ची सोडू नका. उठायचंच असेल तर आधी पॉज दाबा. चहा वर मागवा, पैसे वर्कशॉप देईल.