कवटीवाला पाहुणा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. अम्मींचं डायलिसिस सुरू होतं. एका रात्री इशाच्या नमाजनंतर त्यांच्या खोलीत, ट्यूबलाइटजवळ भिंतीवर तळहाताएवढा पतंग येऊन बसला. पाठीवर हुबेहूब माणसाची कवटी! भेटायला आलेल्या शेजारच्या खाला "तोबा, तोबा" करत उठल्या. "आजारी माणसाच्या खोलीत हे बरं नाही," त्या कुजबुजल्या.

अपशकुन मानू नये, हे आम्ही दोघंही शिक्षक म्हणून वर्गात रोज सांगतो. त्या रात्री मात्र आम्ही झाडू उचललाच. झाडू लागताच तो पतंग चक्क 'चीं' करून ओरडला. आमचे हात थबकले. अम्मी उशीवरूनच म्हणाल्या, "मारू नका. घाबरलाय बिचारा. आधी बघा तरी, कोण आहे तो."

मग त्याला बरणीत ठेवून आम्ही पुस्तकातली चित्रं काढली. पतंग हॉक मॉथ कुळातला. कवटीची खूण असलेल्या या पतंगांच्या जगात ३ जाती आहेत. त्यांतल्या २ भारतात सापडतात. त्या ओळखायच्या मागच्या पंखांवरून. एकीचे पंख मुळाशी काळे असतात. आमच्या पाहुण्याचे पिवळे होते आणि त्यांवर दोन काळे पट्टे. म्हणजे हा 'अखेराँशिया स्टिक्स'. ही दोन्ही नावं ग्रीक दंतकथांमधल्या मृतांच्या लोकातल्या नद्यांवरून आलेली. नाव ठेवणाऱ्या विद्वानांनाही मरणच आठवलं होतं!

याची अळी तीळ, वांगी, बटाटा यांच्या पानांवर वाढते. शेपटीकडे शिंगासारखा काटा असतो. कोष जमिनीत होतो. पतंग झाल्यावर तो रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो आणि आखूड, जाड सोंडेनं मध पितो. त्याच सोंडेतून हवा आतबाहेर करून तो ओरडतो. आमच्या घरामागे तिळाचं शेत आहे. तो तिथून दिव्याकडे आला होता, अम्मींकडे नव्हे. उजाडायच्या आत आम्ही त्याला शेताच्या बांधावर सोडून दिलं.

दोन महिन्यांनी अम्मी अल्लाहला प्यारी झाल्या. मय्यतीला आलेल्या कुणीतरी हळूच विचारलं, "ते पाखरू आलं होतं ना?"

आम्ही म्हणालो, "अम्मी किडनीच्या आजाराने गेल्या. पाखरू तिळाच्या शेतातून आलं होतं. त्याला मारू नका म्हणणाऱ्या अम्मीच होत्या."

यंदाही मागे तीळ उभा आहे. मुलं पानं उलटून अळ्या शोधतात.