हिरव्या डोंगराची चौकी

मस्कतहून निझव्याच्या वाटेवर बिरकत अल मौज हे खजुरीच्या बागांचे गाव लागते. इथला फलज अल खतमैन, म्हणजे बागांना पाळीने पाणी देणारा जुना पाट, २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. याच गावातून जबल अखदरचा, हिरव्या डोंगराचा रस्ता वर निघतो. चढ सुरू होण्याआधी पोलिसांची चौकी आहे. गाडी फोर व्हील ड्राइव्ह नसेल तर इथूनच परत. विनवणीचा उपयोग नाही.

आमचे मामू निझव्यात नळ-पाइपच्या दुकानात कामाला आहेत. दुकानाला नवी पिकअप घ्यायची होती. टू व्हीलची की फोर व्हीलची, हे अरबाबने मामूंवर सोडले होते. पैसा त्याचा, पण गाडी चुकीची निघाली तर बोल मामूंना.

जुम्म्याची नमाज आटोपून मामूंच्या ओळखीच्या फोर व्हील गाडीतून आम्ही निघालो. रस्ता वरपर्यंत चांगला डांबरी. मग चौकी कशाला, असे आम्ही विचारले. मामू म्हणाले, "चढताना काय व्हायचंय बाबा, भीती उतरायची." लांब, तीव्र उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि धरेनासा होतो. अशा गाड्यांसाठी बाजूला खडीच्या सुटकेच्या वाटा काढल्या आहेत. त्या पाहूनच आमची भाभी गप्प झाली. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरते. फोर व्हीलमध्ये त्याहून हळू गिअरांचा वेगळा संच असतो.

फोर व्हीलमुळे ब्रेक जास्त लागतो, हा मात्र गैरसमज. ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना असतो. उलट कोरड्या डांबरावर चारही चाकांची ओढ जोडून ठेवली, तर वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि यंत्रावर ताण येतो. ती ओढ वाळूत, खडीत, वाडीच्या गोट्यांत कामाची. रिकाम्या टू व्हील पिकअपची मागची बाजू हलकी असल्याने तिथे चाक नुसते फिरत राहते.

वर सैक पठार सुमारे दोन हजार मीटर उंचीवर. खाली घामाच्या धारा, इथे भाभीने शाल काढली. अल ऐनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत एप्रिलचे गुलाब होते. घराघरांत मातीच्या भट्टीवर पाकळ्या उकळून गुलाबपाणी काढतात. त्याला धुराचा वास असतो. बाजारातल्या बाटलीपेक्षा आम्हाला हेच आवडले, भाभीला मुळीच नाही.

असरनंतर मामूंनी दुकानाची वही उघडली. बहुतेक माल निझवा, बहला, मनह असा सपाटीवर जाणारा. डोंगरावर महिन्यातून जेमतेम दोन फेऱ्या. फोर व्हीलची किंमत जास्त, डिझेल जास्त, पुढच्या धुरीचा देखभालखर्चही वेगळा.

"टू व्हीलच घेऊ," मामू म्हणाले. "डोंगराचा माल चौकीखाली उतरवून डोंगरवाल्यांच्या गाडीत चढवायचा. भाडं जाईल, पण पोराला हा उतार नको." दुकानाचा ड्रायव्हर केरळचा, वीस-बावीस वर्षांचा आहे.

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत होती. चौकीवर पोलिसाने फक्त हात हलवला.